पेन्सिलीची सही

औष्णिक वीज केंद्राच्या उपकरण विभागात मी चौतीस वर्षे काढली. वाफेचा दाब, तेलाचे तापमान, पाण्याची पातळी दाखवणारे जे शेकडो मीटर तिथे होते, ते खरे बोलतात की नाही हे तपासणे एवढेच माझे काम होते. मीटर खोटे बोलू लागला, तरी बॉयलरसमोरचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि जिवानिशी जातो, हे आम्हाला तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवले होते. नोकरीत असताना मी एकाही मीटरला खोटे बोलू दिले नाही. एकदाच दिले, ते निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी, भुसावळच्या माझ्या घरात. त्या वेळी मीटरवर विश्वास ठेवून समोर बसली होती माझी पत्नी हेमलता.

हेमलता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल ज्यांनी कधी लावलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. परगावी बोलायचे तर एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. पाळी आली की ऑपरेटर बोर्डावरच्या भोकात कॉर्ड घालून दोन गावे जोडून देई. तीन मिनिटे संपली की मध्येच तिचा आवाज येई, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" चौऱ्याऐंशी साली एका सुट्या भागासाठी मी पुण्याला रोज कॉल नोंदवत असे, तेव्हा हा आवाज मला प्रथम भेटला. पुढे लग्न ठरल्यावर एकदा मी तिला म्हणालो होतो, "आता तरी आमचा कॉल जरा आधी लावा." ती म्हणाली, "तुमचा नंबर अकरावा आहे." आणि तो अकरावाच लागला.

तालुक्यातले नऊशे नंबर जिला तोंडपाठ होते, तिला बहात्तराव्या वर्षी शब्द सापडेनासे झाले. आधी 'चिमटा' गेला, मग 'उशी', मग आमच्या मुलीच्या गावाचे नाव. माणसे ओळखू येत, रस्ते ओळखू येत, कालचे सगळे आठवे. फक्त नाव ऐन वेळी हातातून निसटे. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आजाराचे लांबलचक नाव सांगितले. हेमलताने तो मला एका वाक्यात समजावला. "बोर्डावर दिवा लागलेला दिसतो हो, पण कॉर्ड कुठल्या भोकात घालायची ते कळत नाही."

जळगावला या आजारासाठी एक नवे उपचार केंद्र सुरू झाले होते. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ रेश्मा तडवी या रावेरकडच्या, तिशीतल्या, भराभर बोलणाऱ्या. जानेवारीत त्यांनी आमच्यासमोर कापडी कपाळपट्टीसारखे एक उपकरण ठेवले. आतल्या बाजूने सात चकत्या, एक वायर, आणि वायरच्या टोकाला साबणाच्या वडीएवढी पेटी. पेटीवर एक दिवा.

त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडतो. आपण ऐकत असतो तेव्हा मेंदू स्वस्थ बसलेला नसतो. पुढचा शब्द कोणता येणार, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला, की सुमारे चार दशांश सेकंदाने डोक्यात एक विजेची लहर उठते. हिला त्या चकित लहर म्हणत. तो अनपेक्षित शब्द नंतर नीट बसला, 'अरे, हे असे होय!' असे झाले, तर सहा दशांश सेकंदाच्या आसपास दुसरी लहर उठते. ही उलगड्याची लहर. या दोन्ही लहरी पाठोपाठ आल्या, तर पुढचा सेकंदभर मेंदूतले तंतू नवे जोड करायला तयार असतात. नेमक्या त्या सेकंदात पट्टीने अगदी सौम्य प्रवाह सोडला, तर शब्द आणि अर्थ यांच्यामधली वाळत चाललेली वाट ओली राहते. एरवी सोडलेला प्रवाह वाया जातो, किंवा भलतीच वाट ओली करतो.

"मग पेपर वाचून दाखवू?" मी विचारले.

"पेपरात काय येणार ते काकूंना आधीच माहीत असतं, काका. चकित लहर येतच नाही. पाठ असलेल्या ओव्या, गाणी यांचंही तेच. जोक एकदाच चालतो. सगळ्यात चांगली चालते ती कविता. पण नवी हवी. रोज एक."

"संगणकाकडून लिहून घ्यावी."

"ते करून पाहिलं. तीन आठवडे बरं चालतं, मग मेंदू त्याचीही चाल ओळखतो. शिवाय दुसरी लहर यायला लिहिणाऱ्यानं ऐकणाऱ्याला ओळखायला हवं. कवितेत काकूंचं घर पाहिजे, काकूंची माणसं पाहिजेत. तुम्हीच लिहायची."

"मी? बाई, मी डिप्लोमाधारक आहे. अर्ज आणि अहवाल सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही."

"एक प्रेमपत्र लिहिलंय," हेमलता म्हणाली. "त्याला विषय होता. आणि... ते... वरती असतं ते..."

"संदर्भ क्रमांक," मी म्हणालो.

रेश्माताई इतक्या हसल्या की बाहेरची परिचारिका डोकावून गेली. मग त्यांनी नियम सांगितले. एकशेवीस दिवस, रोज एक कविता. लहरींच्या पाच जोड्या मिळाल्या की दिवा हिरवा, नाहीतर लाल. एकूण दहा दिवस लाल झाले, तर पट्टी यादीतल्या पुढच्या रुग्णाकडे जाणार. पट्ट्या चाळीस होत्या आणि यादीत तीनशेच्या वर माणसे. निघण्यापूर्वी त्यांनी हेमलताला चाळीस चित्रे दाखवली. तिला बावीस नावे सांगता आली.

घरी आल्यावर मी माळ्यावरून प्लँटचे एक कोरे लॉगबुक काढले. दिनांक, वेळ, वाचन, शेरा, पाळीप्रमुखाची सही, असे त्यात रकाने होते. कविता शेऱ्याच्या रकान्यात लिहायची आणि पाळीप्रमुख म्हणून रोज हेमलताने सही करायची, असे ठरले. वेळ साडेदहाची. मार्चपासून आमच्याकडे अकराला उन्हाचा इशारा देणारा भोंगा होतो आणि दुपारी चारपर्यंत कोणी बाहेर पडत नाही. त्याच्या आत काम उरकलेले बरे.

पहिल्या दिवशी मी खुर्ची पेटीशेजारी घेतली, दिव्यावर नजर ठेवली आणि वाचले.

पंपातले पाणी वर चढते,
वाळ्याच्या पडद्यावरून उतरते.
पंखा फिरतो. हवा आत येते.
खोली गार होते.

दिवा लाल झाला.

"ही कविता आहे की कूलरचं वॉरंटी कार्ड?" हेमलताने विचारले.

"प्रत्येक विधान अचूक आहे."

"तेच तर. पंखा फिरणार हे मला माहीत होतं. तुम्ही एकदा तरी म्हणा की फिरला नाही."

दुसऱ्या दिवशी मी उलट टोक गाठले. शब्दकोश कुठेही उघडून बारा शब्द काढले आणि एकापुढे एक मांडले. चकित लहरी धडाधड उठल्या. उलगड्याची एकही नाही. पुन्हा लाल. तेव्हा मला कळले, की नुसते दचकवून भागत नाही. दचकलेल्या माणसाला सुखरूप घरी पोचवावेही लागते.

पाचव्या दिवशी काय लिहावे ते सुचेना, म्हणून मी जे खरे होते ते लिहिले.

शंभर गावांचे आवाज
तू दोन बोटांत धरून ठेवलेस.
माझा एकच कॉल होता.
त्याला ताटकळत ठेवून
तू चहा प्यायला गेलीस.

चौथ्या ओळीला तिच्या पट्टीखालून हसू फुटले. दिवा हिरवा झाला.

"एकदाच गेले होते," ती म्हणाली. "आणि चहा नव्हता. कॉफी होती." 'कॉफी' हा शब्द तिला दोन महिने सापडत नव्हता. तिने लॉगबुक ओढून शाईने झोकदार सही केली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते असे मी म्हणेन. पहाटे उठल्यापासून मी घरात शब्द शोधत हिंडे. दोरीवर वाळणारे तिचे पातळ, तिने वीस वर्षे जपलेला कढीपत्ता, मुलगी सासरी गेली त्या दिवशी उतू गेलेले दूध. जवळजवळ पन्नास वर्षे ज्या बाईबरोबर राहिलो, तिच्याविषयी रोज आठ ओळी लिहायच्या तर तिच्याकडे पाहावे लागते, हे मला नव्याने समजत होते. मध्ये एखादा दिवस लाल जाई, पण पन्नासाव्या दिवशी चाळीसपैकी एकतीस चित्रांची नावे तिने सांगितली. रेश्माताईंनी पेटी तपासून अभिनंदन केले आणि पुढची भेट पंचाहत्तराव्या दिवसाची ठरवली.

मग माझी विहीर आटली. माझी चाल हेमलताच्या मेंदूला कळू लागली असावी. पहिल्या दोन ओळींत वस्तू, तिसऱ्या ओळीत ती, शेवटी चिमटा. पंचावन्नाव्या दिवशी दिवा लाल. सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ, लाल. एकूण नऊ झाले. आणखी एक, की पट्टी जाणार होती.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी हेमलता आंघोळीला गेली असताना मी पेटीचे चार स्क्रू काढले. आत सर्व्हिसचे बटन होते. लहर किती उंच उठली म्हणजे ती मोजायची, याची किमान मर्यादा तिथून बदलता येत होती. प्रत्येक उपकरण वापरात थोडे सरकते, त्याला वेळोवेळी जागेवर आणावे लागते, असे मी मनाशी म्हणालो. याला कॅलिब्रेशन म्हणतात, असेही म्हणालो. कॅलिब्रेशनसाठी एक प्रमाणित संदर्भ लागतो आणि माझ्यापाशी भीतीखेरीज कोणताही संदर्भ नव्हता, हे मात्र मी मनाशी म्हणालो नाही. मर्यादा निम्म्यावर आणली आणि स्क्रू परत आवळले.

त्या दिवशी मी पंख्याविषयी चार फुटकळ ओळी वाचल्या. दिवा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशीही. सलग बारा दिवस हिरवा होता. हेमलता रोज सही करी. मी रोज दिवा पाही आणि सुटकेचा श्वास घेई.

बहात्तराव्या दिवशी ती भरीत करत होती. हंगामातली शेवटची वांगी होती. तिने ती जाळावर खरपूस भाजली, सोलली, मिरची ठेचली, कांद्याची पात चिरली. हात कुठेही अडखळत नव्हते. ताट माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "भाकरी गरम आहे. तोवर हे घ्या. हे... हे..."

मी घास थांबवून वाट पाहिली.

"जळल्यावर गोड होतं ते," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

लेवा पाटलाच्या घरात जन्मलेली, साठ वर्षे ते रांधलेली बाई 'भरीत' हा शब्द हरवून बसली होती. बारा दिवस दिवा हिरवा असताना.

मी उठून लॉगबुक काढले आणि पान पान मागे गेलो. कविता एकीपेक्षा एक वाईट होत्या, ते मला माहीत होते. माहीत नव्हते ते शेवटच्या रकान्यात होते. साठाव्या दिवसापर्यंतच्या हिरव्या दिवसांवर शाईची सही होती. लाल दिवसांवर पेन्सिलीची. आणि एकसष्टपासून पुढे, सगळ्या हिरव्या दिवसांवर, पेन्सिलीची. आमच्या प्लँटमध्ये पेन्सिलीची सही म्हणजे तात्पुरती नोंद, अद्याप खात्री झालेली नाही, असा अर्थ होता. हे तिला मीच कधीतरी सांगितले असणार.

ती दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारले.

"दिवा लागायचा, पण मला काहीच व्हायचं नाही. म्हटलं, डबी बिघडली असेल. मग स्क्रू पाहिले. सगळ्यांच्या चिरा एका रेषेत. असे स्क्रू भुसावळात एकच माणूस आवळतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसायचात. आणि सही रोज तुमच्यासमोरच करत होते की! वाटलं, चौतीस वर्षं तपासणी केलेला माणूस आहे, बघेल." ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुम्ही दिव्याकडे बघायचात. माझ्याकडे कुठं बघत होतात?"

मी लॉगबुक मिटले. मग म्हणालो, "मला वाटलं, पट्टी गेली तर तू जाशील."

"मी कुठं जातेय? माझे फक्त... ते जाताहेत."

"शब्द."

"हां. ते."

पंचाहत्तराव्या दिवसाची वाट न पाहता आम्ही दुसऱ्याच दिवशी जळगाव गाठले. मी काय केले ते रेश्माताईंना बिघाडाच्या अहवालात सांगतात तसे क्रमाने सांगितले. त्यांनी पेटी संगणकाला जोडली. पडद्यावरचा आलेख पाहताना त्यांचा भराभर बोलण्याचा वेग हळूहळू कमी झाला.

"काका, मर्यादा एवढी खाली आणल्यावर ही कशालाही लहर समजली. भोंगा झाला, प्रवाह. कुत्रं भुंकलं, प्रवाह. बारा दिवस काकूंचा मेंदू भंगारवाल्याची हाक पाठ करत होता."

पट्टी बांधून चित्रांची चाचणी झाली. चाळीसपैकी पंचवीस.

त्यांनी खोलीचे दार लोटले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, नियमाप्रमाणे बारा दिवस लाल धरावे लागतील. पट्टी परत. पुन्हा यादीत शेवटी, म्हणजे आठ महिने तरी. पण मी पेटीत बिघाड झाला होता असं लिहू शकते. खोटं वाटणार नाही कोणाला. चुकीचं केलंत, पण काकूंनी का भोगायचं? मर्यादा पूर्ववत करते, उद्यापासून पुढं चालू ठेवा."

मी हेमलताकडे पाहिले. खरे सांगायचे तर मी तोंड उघडून हो म्हणणार होतो.

"यादीत पुढं कोण आहे?" हेमलताने विचारले.

रेश्माताईंनी कागद पाहिला. "यावलचे एक मास्तर आहेत. अठ्ठावन्न वय. मराठीच शिकवतात. त्यांची बायको दर सोमवारी फोन करून विचारते."

"तर मग त्यांची पाळी आहे." तिने कपाळावरची पट्टी स्वतः काढली, वायर गुंडाळली, घडी घातली. "आमचा कॉल मध्ये घुसवू नका, बाई. मी... मी कधी..." शब्द निसटला. तिने माझ्याकडे पाहिले.

"तिनं कधी कोणाचा नंबर पुढं घेतलेला नाही," मी म्हणालो. "माझासुद्धा."

"आठ महिने प्रवाहाशिवाय," रेश्माताई म्हणाल्या. "किती शब्द राहतील, मला सांगता येणार नाही, काकू. कोणालाच येणार नाही."

"कविता बंद करायची असं तर म्हटलं नाही ना कोणी?"

"नाही. लहरी येतीलच. त्यांचा थोडा उपयोग होतोच. पण दिवा नसेल."

"यांच्या डोळ्यांना तेवढाच आराम," हेमलता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉगबुकात नवे पान उघडले आणि वर लिहिले, दिवस पहिला. 'वाचन' या रकान्यात आता लिहिण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिथे आडवी रेघ ओढली. खुर्ची नेहमीप्रमाणे टेबलाशेजारी ठेवली होती. ती मी उचलून हेमलताच्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. पट्टी नसल्याने तिचे कपाळ उघडे होते. चकत्यांच्या जागी फिकट गोल डाग उमटले होते.

"सुरुवातीची ओळ माझी नाही," मी म्हणालो. "आधीच सांगून ठेवतो."

"वाचा हो."

जळल्यावर गोड होतं ते
तू माझ्या ताटात वाढलंस
आणि नाव विसरलीस.
नाव घेऊन मी जन्मभर जेवलो,
चव मला परवा कळली.

मी कागदाकडे पाहत नव्हतो. पहिल्या ओळीला तिच्या भुवया वर गेल्या. तिथेच थांबल्या. मग डाव्या डोळ्याशी एक सुरकुती पडली, आणि तिच्यामागून ओठाचा कोपरा हलला. दोन्ही लहरी पाठोपाठ, आधी एक, मग दुसरी. मध्ये किती वेळ गेला ते मोजायला माझ्याजवळ काही नव्हते. अंदाजाने दोन दशांश सेकंद. बहात्तर दिवसांत हे किती वेळा होऊन गेले असेल, आणि त्या सगळ्या वेळी मी साबणाच्या वडीएवढ्या डबीकडे पाहत होतो.

टेबलावर पेन होते आणि पेन्सिलही. तिचा हात पेन्सिलीवरून पुढे गेला. तिने पेनचे टोपण काढले, लॉगबुक स्वतःकडे वळवले आणि शेवटच्या रकान्यात सावकाश, पूर्ण सही केली. बाहेर अकराचा भोंगा सुरू झाला. तो संपेपर्यंत ती थांबली. मग पाठ ताठ करून, चौऱ्याऐंशी सालच्या त्याच आवाजात, एकाही शब्दावर न अडखळता म्हणाली,

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

"वाढवा," मी म्हणालो.